नाशिकच्या उन्हाळ्यात रंगीत छापील ड्रेस: पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी

रंगपंचमीच्या रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जमिनीतले हौद, बुजल्या की नाशिकचं ऊन खरं तापायला लागतं. तेवढ्यात मेन रोडपासून कॉलेज रोडपर्यंत दुकानांच्या दारांत फुलाफुलांचे, पोपटांचे, लिंबांचे ड्रेस लटकू लागतात. वर्षभर काळा, राखाडी आणि नेव्ही ब्लू सोडून काही न घालणाऱ्या बायकाही त्यांच्यासमोर थबकतात, कापडाला हात लावतात आणि ‘आपल्याला नाही बाई शोभायचं’ म्हणत पुढे निघतात. हा लेख त्या पुढे निघालेल्यांसाठी.

माझं मत आधीच सांगून टाकते. डिझायनर ड्रेसमध्ये बघण्यासारखं असतं ते दोन गोष्टींत: प्रिंट अंगावर कुठे बसवली आहे आणि कट कसा आहे. या दोन्ही गोष्टी आपल्या गल्लीतला चांगला टेलर करून देतो, त्याला नीट सांगता मात्र आलं पाहिजे. कापड वाईट असेल तर तो काही करू शकत नाही. तेव्हा पैसे कापडावर घाला आणि डोकं प्रिंटवर चालवा. लेबल शेवटी.

पहिली पायरी: डोळ्यांआधी बोटं

नाशिकचा उन्हाळा कोरडा. मुंबईसारखी चिकचिक नाही, पण एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांना टेकतो आणि दुपारी स्कूटरवर अक्षरशः झळा लागतात. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे संध्याकाळी वारा सुटतो आणि जीव गार होतो. अशा हवेत घाम शोषून लगेच हवेत सोडणारं कापड हवं. कोरड्या हवेत घाम भराभर वाळतो आणि वाळताना अंग गार करतो, पण त्यासाठी आधी तो कापडात शिरायला हवा ना!

सुती कापड आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओलावा हवेतूनच धरून ठेवतं, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. जॉर्जेट, शिफॉन, क्रेप या नावांनी जे ‘समर कलेक्शन’ विकलं जातं ते बहुतेक पॉलिएस्टरच असतं. आणि खरी अडचण अशी, की हँगरवर तेच सगळ्यांत देखणं दिसतं. रंग झळझळीत, इस्त्रीची कटकट नाही, घेर कसा झुळझुळीत. दुपारी सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकापाशी, सिग्नलवर उभं राहिलं की मग कळतं.

नवख्यांनी केंब्रिक कॉटनपासून सुरुवात करावी. वीण घट्ट असते, अंगावर नीट बसतं, फार पारदर्शकही नसतं. मलमल सर्वांत गार, पण अस्तराशिवाय चालत नाही. पॉपलीन जरा ताठ, कॉलरच्या शर्ट-ड्रेसला छान. लिनन गार असतं आणि महागही, शिवाय अर्ध्या तासात चुरगळतं. ज्यांना ते चुरगळलेपण आवडतं त्यांनी जरूर घ्यावं. रेयॉनबद्दल मात्र थोडं सांगायला हवं, कारण नाशिकच्या बाजारात छापील कुर्त्या आणि मॅक्सी यांचा मोठा ढीग रेयॉनचाच असतो. ते लाकडाच्या लगद्यापासून बनतं, म्हणून पॉलिएस्टरसारखं कोंडत नाही, उलट घाम चांगला पितं. पडतंही सुंदर. पण ओलं झालं की दुबळं होतं, पिळलं की शिवणी ताणल्या जातात, आणि पहिल्या दोन-तीन धुण्यांत चांगलंच आटतं. बेताच्या बजेटमध्ये घ्यायला हरकत नाही, फक्त एक माप मोठं घ्या.

दुकानदार ‘प्युअर कॉटन आहे ताई’ म्हणाला तरी कापडाचा कोपरा दहा सेकंद मुठीत आवळून सोडा. सुतीवर सुरकुत्या उमटतात. एकही उमटली नाही तर शंका घ्या. घरी कडेचे दोन-चार धागे काढून चिमट्यात धरून जाळून बघा. सुती धाग्याला कागद जळल्याचा वास येतो आणि भुरभुरीत राख राहते. पॉलिएस्टर वितळतं आणि कडक मणी होतो. रेयॉनही कागदासारखंच जळतं, त्यामुळे कॉटन की रेयॉन हे या परीक्षेत कळत नाही. त्यासाठी धागा ओला करून ओढायचा. रेयॉन पटकन तुटतं, सुती धागा ओला झाल्यावर आणखी चिवट होतो.

पारदर्शकता बघायची तर दुकानातल्या ट्यूबलाइटवर विसंबू नका. कापडाखाली पंजा पसरून दारात उजेडाला या. बोटं वेगवेगळी मोजता आली तर अस्तर लागणार.

दुसरी पायरी: प्रिंट कशी छापली आहे ते ओळखा

इथे थोडा वेळ द्या, कारण किमतीतला बराचसा फरक इथेच असतो.

हातानं लाकडी ठसे उठवून केलेली ती ब्लॉक प्रिंट. कापड उलटं करून बघितलं तर रंग मागेही उतरलेला दिसतो. ठशाला ठसा जिथे जोडला तिथे कुठे केसभर फट, कुठे रंग जरा गडद. हे दोष समजू नका, हाताची खूण आहे ती. स्क्रीन प्रिंटमध्ये नक्षी ठरावीक अंतरावर तंतोतंत तशीच परत येते. डिजिटल प्रिंटमध्ये छायाचित्रासारख्या छटा असतात, एका फुलात गुलाबीचे पंधरा प्रकार सापडतील, आणि कापडाची मागची बाजू बहुधा फिकट पांढरट असते. डिजिटल वाईट नव्हे. पण तिला ‘हँडब्लॉक’ म्हणून हँडब्लॉकच्या भावात विकत असतील तर तिथून निघा.

आता नावं. सांगानेरी म्हणजे जयपूरजवळच्या सांगानेरची, बहुधा पांढऱ्या जमिनीवर (नक्षीमागच्या मूळ रंगाला जमीन म्हणतात) नाजूक फुलं आणि बुट्टे. नाशिकच्या दुपारसाठी मला हिच्याइतकी योग्य दुसरी कुठलीच वाटत नाही. बगरूही जयपूरच्याच बाजूची. तिथे ‘दाबू’ करतात, म्हणजे चिखलाचा थर देऊन कापडाचा काही भाग रंगापासून वाचवतात. रंग मातकट, निळे, काळे. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातल्या बाग गावची बाग प्रिंट म्हणजे पांढऱ्यावर लाल-काळी. कच्छची अजरख म्हणजे गडद लाल आणि नीळ, भौमितिक आणि भरगच्च. ती उन्हाळ्यात संध्याकाळसाठी राखून ठेवावी. कलमकारीची दोन घराणी: श्रीकाळहस्तीला कलमाने हाताने काढतात, मछलीपट्टणमच्या बाजूला ठशांनी छापतात. ड्रेसच्या कापडात आपल्याला जी मिळते ती बहुतेक दुसरी किंवा तिची स्क्रीन प्रिंटमधली नक्कल. नक्कल घ्यायला लाज वाटायचं कारण नाही, भाव नकलेचा असला म्हणजे झालं.

रंग पक्का आहे का हे दुकानातच कळतं. पांढरा रुमाल ओला करून कापडाच्या गडद भागावर आणि शक्यतो उलट्या बाजूनंही चार-पाचदा घासा. थोडासा रंग येणं चालतं, नीळ आणि गडद लाल तर सोडणारच. रुमाल भरून आला तर ते कापड ठेवून द्या. आणखी एक बघा: छापलेल्या जागी बोट फिरवल्यावर कापड तिथेच कडक, रबरासारखं लागतंय का? तो पिगमेंटचा रंग, कापडाच्या वर चिकटवलेला. छोट्या बुट्टीला चालून जातो. पण मोठमोठ्या फुलांत असला रंग असेल तर त्या जागी हवा कमी खेळते आणि काही महिन्यांत फुलं भेगाळतात.

आपल्या जिल्ह्याचं म्हणाल तर येवल्याची पैठणी विणतात, छापत नाहीत. पैठणीचे मोर आणि काठ डिजिटलने छापलेले ड्रेस हल्ली भरपूर मिळतात. ज्यांना आवडतात त्यांनी घ्यावेत, मला ते दुरून पैठणी आणि जवळून पोस्टर वाटतात.

तिसरी पायरी: प्रिंटचा आकार आणि रंग

‘जाड असाल तर बारीक प्रिंट, बारीक असाल तर मोठी’ हा नियम सगळ्या मावश्या सांगतात. मला तो फारसा पटत नाही. बारीक प्रिंटमध्येही काळ्यावर पांढरे ठिपके दुरून डोळ्यांत खुपतात आणि मोठं फूल फिकट रंगात असेल तर शांत दिसतं. खरा फरक पडतो तो जमीन आणि नक्षी यांच्या रंगांतल्या तफावतीने. हे तपासायला मोबाइलवर कापडाचा फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करा. तरीही नक्षी ठळक उठून दिसली तर प्रिंट बोलकी आहे. फोटो सगळा करडा झाला तर मवाळ. पहिला ड्रेस मवाळ प्रिंटचा घ्यावा, रंग मात्र बिनधास्त निवडावा. आंबा-पिवळा, पेरूच्या आतला गुलाबी, कैरीचा हिरवा, सगळे चालतात.

फुलाचा आकार आपल्या मुठीएवढा किंवा त्याहून लहान असला की सुरुवातीला सोपं जातं. कापड खांद्यावरून सोडून आरशापासून सहा-सात फूट मागे जा. जवळून आपण नक्षी बघतो, लोक मात्र आपल्याला त्या अंतरावरून बघतात.

थोडं डिझायनर मंडळींचं काम डोळ्यांखालून घाला, विकत घ्यायची गरज नाही. रितू कुमार यांनी कोलकात्याच्या परिसरातल्या ठसेकारांबरोबर कामाला सुरुवात केली; त्यांच्या कपड्यांत काठ आणि बुट्टे यांची जागा कशी विचारपूर्वक ठरलेली असते ते बघा. मसाबा गुप्ता यांनी साड्यांवर कॅमेरे आणि गाई आणल्या, म्हणजे विषय काहीही चालतो, मांडणी नेटकी हवी. शिकायचं ते एवढंच, की एकाच ड्रेसमध्ये गळ्याजवळ प्रिंट बारीक आणि घेराला मोठी, किंवा बाहीला उलट्या रंगाचा तुकडा, असं काही केलं की कपडा डिझायनर दिसायला लागतो.

चौथी पायरी: नाशिकात कुठे

रेडिमेड हवा असेल तर कॉलेज रोड आणि गंगापूर रोड. कापड हवं असेल तर मेन रोड आणि त्याच्या आतल्या गल्ल्या. तिथे गाडी नेऊ नका, पार्किंगमध्येच अर्धा उत्साह संपतो. सिटीलिंकच्या बसनं शालिमारला उतरा आणि चालत जा, सकाळी दुकानं उघडता उघडता. दुपारनंतर गर्दी असते आणि दुकानदाराला तुमच्यासाठी तागे उलगडायला वेळ नसतो. गंगापूर रोडच्या डोंगरे वसतिगृह मैदानावर अधूनमधून प्रदर्शनं लागतात. तिथल्या स्टॉलवर कारागीर स्वतः असेल तर त्याला कुठला ठसा, कुठला रंग हे विचारा. जो कापड उलटं करून दाखवतो आणि रंगाबद्दल भरभरून बोलतो त्याच्याकडून घ्या. घासाघीस करा, पण अंगावर येऊन नको.

पाचवी पायरी: टेलरकडे जाण्याआधी आणि गेल्यावर

कापड आधी पाण्यातून काढा. रात्रभर साध्या पाण्यात भिजवायचं, न पिळता निथळायचं, सावलीत वाळवायचं. गडद रंग असेल तर एकटंच भिजवा. सुती कापड चार टक्के आटलं तरी ४५ इंच लांबीच्या ड्रेसमधून जवळजवळ दोन इंच जातात. गुडघ्याखालचा ड्रेस गुडघ्यावर येतो आणि मग टेलरशी भांडण.

किती घ्यायचं? ४४ इंच पन्ह्याच्या (म्हणजे रुंदीच्या) कापडात गुडघ्याखाली येणारा साधा ए-लाइन, म्हणजे खाली पसरत जाणारा, ड्रेस अडीच मीटरमध्ये होतो. कमरेला चुण्या घातलेला मिडी साडेतीन मीटर. तीन झालरींचा मॅक्सी साडेचार ते पाच. झालरीचा हिशेब सोपा असतो: प्रत्येक झालर वरच्या घेराच्या दीडपट. कमरेपाशी ३२ इंच असेल तर पहिली ४८, दुसरी ७२, तिसरी १०८. दीडपटीपेक्षा कमी घेतलं तर झालर उदास लोंबते, दुप्पट केली तर कापडही जास्त जातं आणि उन्हाळ्यात वजनही. मोठ्या फुलांची प्रिंट असेल तर अर्धा मीटर जादा घ्या, कारण टेलरला फुलं जुळवायला जागा लागते.

आता टेलरला काय सांगायचं, ते नीट लक्षात ठेवा.

‘दादा, प्रिंट एकाच दिशेची आहे, उलटसुलट कापू नका.’ मोर, हत्ती, कुंड्या, देठाची फुलं यांना वर-खाली असतं. कापड वाचवायला पाठ उलटी कापली की हत्ती डोक्यावर उभे राहतात. समोरून कोणाच्या लक्षात येत नाही, पण फोटोत नक्की येतं.

मोठं गोल फूल बरोबर छातीवर येऊ देऊ नका. कापड अंगाला लावून खडूनं खूण करून घ्या. फूल एका खांद्याकडे किंवा घेरात बाजूला गेलं की छान दिसतं. समोर बटणपट्टी असेल तर दोन्ही बाजूंची नक्षी जुळवायला सांगा; चांगल्या टेलरला असं सांगितलेलं आवडतं, वाईट टेलर कपाळाला आठ्या घालतो. तिथेच निवड होते.

अस्तर सुती. हे पुन्हा पुन्हा सांगा, कारण न सांगता बहुतेक ठिकाणी क्रेपचं अस्तर लागतं, आणि वरून कितीही उंची मलमल असली तरी अंगाला चिकटतं ते आतलं पॉलिएस्टर. रेडिमेड डिझायनर ड्रेसमध्ये सगळ्यांत जास्त फसवणूक मी इथेच बघते. दुकानात ड्रेस घेतानासुद्धा आधी उलटा करा. अस्तरही पाण्यातून काढलेलं हवं, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं, वरचं कापड आटत नाही आणि खालून सगळा घेर गोळा होतो. गुडघ्यापर्यंत अस्तर पुरे, पूर्ण लांबीचं नको.

मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो घेर, थोडा सैल ठेवायला सांगा, गळा मागून फार खोल नको. शिवणीत दोन्ही बाजूंना इंचभर माया सोडायला सांगा. पुढच्या उन्हाळ्यात उपयोगी पडते, कशी ते सगळ्यांना माहीत आहे. आणि खिसे. दोन, बाजूच्या शिवणीत, मोबाइल मावेल एवढे खोल. खिशाला टेलर नाही म्हणत नाहीत, आपणच विसरतो.

गाडी चालवणाऱ्यांनी लांबी घोट्याच्या बरीच वर ठेवावी. घेरदार मॅक्सी स्कूटरवर मागे बसताना चाकाकडे उडते. एका बाजूला बसत असाल तर घेर गोळा करून मांडीखाली घ्या, ओढणीला गाठ मारा. झालरींचा मॅक्सी गाडीसाठी नव्हेच.

सहावी पायरी: घालणं

ड्रेस बोलका असला की बाकी सगळं गप्प हवं. ओढणी एकरंगी, प्रिंटमधला सर्वांत कमी आलेला रंग निवडून. पायात कोल्हापुरी शोभते, पण नवी असेल तर घामाने पायाला रंग लागतो, आधी काही दिवस घरात घाला. कानात काहीतरी ऑक्सिडाइज्ड, गळा मोकळा.

बाहेर पडताना वरून सनकोट येतोच. पांढरा सुती सनकोट खाली दोन-तीन इंच रंगीत घेर दाखवतो आणि मला ते दिसायला आवडतंही. फक्त ड्रेसच्या बाह्या फुगीर असतील तर सनकोटात चुरगळून जातात, म्हणून रोजच्या ड्रेसला साध्या बाह्या. ऑफिसला कॉलरचा शर्ट-ड्रेस, बारीक बुट्टी, एवढं पुरे. पहिल्यांदाच घालायचं धाडस होत नसेल तर चैत्रातलं हळदीकुंकू गाठा. आंब्याची डाळ आणि पन्हं असतं, बायकाच असतात, आणि ‘कुठून घेतलास गं?’ हा प्रश्न आला की पुढचं धाडस आपोआप होतं. फक्त पन्हं सांडलं तर लगेच साध्या पाण्याने धुवा.

सातवी पायरी: धुणं

पहिले दोन-तीन वेळा वेगळं, थंड पाण्यात, कमी साबणात. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात. होत नाही. पहिल्या धुण्यात निघतो तो कापडावर सुटा राहिलेला रंग, तो निघून जाणंच बरं. बोअरचं पाणी असलेल्या सोसायटीत साबणाला फेस येत नाही म्हणून आपण आणखी साबण ओततो, आणि तोच कापडात अडकून रंग मळकट दिसायला लागतो. शेवटचं पाणी तरी नळाचं वापरा. बगरू किंवा अजरखमधला नैसर्गिक काळा रंग लोखंड आणि गूळ आंबवून केलेला असतो, त्यावर डाग काढायला लिंबू चोळू नका, काळा उडतो. ब्लीच कुठल्याच प्रिंटला नको.

वाळत घालायचं ते उलटं आणि सावलीत. नाशिकच्या मे महिन्यात गच्चीवर कपडा दोन तासांत वाळतो, पण तेच दोन तास रोज मिळाले की गुलाबी विटतो. गॅलरीत घातला तर थोडा उशिरा वाळेल, इतकंच. इस्त्री उलट्या बाजूनं, कापड किंचित दमट असताना.

टेलरकडून उरलेले तुकडे मागून घ्या, ते फेकून देतात. वीतभर तुकडा ड्रेसबरोबरच दर वेळी धुण्यात टाकत जा. काखेत उसवलं किंवा कुठे ठिगळ लागलं तर त्या तुकड्याचा रंग ड्रेसइतकाच उतरलेला असेल आणि जोड दिसणार नाही.